बग नेमका कुणाचा?

जून २००९ मध्ये ट्विटरवरच्या एका ट्विटचा क्रमांक २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पलीकडे गेला आणि अनेक क्लायंट, म्हणजे ट्विटर वापरण्यासाठी इतरांनी लिहिलेले प्रोग्राम, एकाएकी बंद पडले किंवा भलतंच वागू लागले. त्यांच्या कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती. ट्विटरच्या सर्व्हरमध्येही बिघाड नव्हता. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. ज्यांनी ट्विटचा क्रमांक तसल्या पूर्णांकात साठवला होता, त्यांच्या हिशेबात पुढचा क्रमांक बसेना. पुढच्या वर्षी ट्विटरनं क्रमांक देण्याची पद्धतच बदलली. नवे क्रमांक इतके मोठे होणार होते, की जावास्क्रिप्टला ते अचूक धरून ठेवता येणार नव्हते, म्हणून ते अक्षरमालेच्या रूपातही देणं सुरू झालं. आज मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखंच मुक्तस्रोत माध्यम आपले सगळे क्रमांक अक्षरमाला म्हणूनच पाठवतं.

त्या दिवशी ज्यांचा क्लायंट बंद पडला, त्यांनी तक्रार कुणाकडे करायची होती? समाजमाध्यमांच्या मुक्तस्रोत डेस्कटॉप क्लायंटमधले बग कळवण्याच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. मजकूर लिहिण्याच्या किंवा चित्रं काढण्याच्या प्रोग्रामात सगळी सामग्री आपल्याच संगणकावर असते. समाजमाध्यमाचा क्लायंट मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून, तिसऱ्यानं लिहिलेला मजकूर, चौथ्यानं बनवलेल्या फाँटात दाखवत असतो. दोष यांपैकी कुठंही असू शकतो. दिसतो मात्र क्लायंटच्या खिडकीत, आणि म्हणून सगळी तक्रार क्लायंट लिहिणाऱ्याच्या दारात येते. दोष कोणत्या थरात आहे हे थोडं तरी हुडकून देणारा रिपोर्ट सर्वांत मोलाचा, असं माझं मत आहे. आपल्या देवनागरीच्या बाबतीत तर हे हुडकणं दुसरं कुणी करणार नाही.

या क्लायंटचा इतिहास फार लांबचा नाही. २००८ च्या जुलैत आयडेंटिका सुरू झालं. ट्विटरसारखंच, पण मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालणारं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर दोन्हींची खाती एकाच खिडकीत दाखवणारे प्रोग्राम त्याच सुमारास फोफावले. ग्नोमच्या बाजूला ग्विबर, केडीईच्या बाजूला चोकोक. उबुंटूनं १०.०४ या आवृत्तीपासून ग्विबर मूळ संचातच घातला आणि त्याबरोबर बगची सगळी गणितं बदलली. हौशी लोकांपुरता असलेला प्रोग्राम एकदम लाखो संगणकांवर गेला. त्याच्या तक्रारी लाँचपॅड या बगनोंदीच्या संकेतस्थळावर येत. लाँचपॅडची एक सोय इथं नेमकी उपयोगी होती: एकच बग मूळ प्रकल्पाच्या नावावरही नोंदवता येतो आणि उबुंटूतल्या पॅकेजच्या नावावरही, आणि दोन्हींची स्थिती वेगवेगळी दाखवता येते. मूळ प्रकल्पात दुरुस्त झालेला बग उबुंटूच्या जुन्या पॅकेजात तसाच असू शकतो, ही साधी गोष्ट पुष्कळ भांडणांच्या मुळाशी असते.

२०१० सालच्या ऑगस्टअखेर ट्विटरनं नाव आणि पासवर्ड थेट पाठवून चालणारी जुनी प्रवेशपद्धत बंद केली आणि ओऑथ सक्तीचं केलं. त्यात प्रत्येक क्लायंटला एक गुप्त किल्ली दिलेली असते. कोड सगळ्यांना वाचता येतो अशा प्रोग्रामात ती किल्ली लपवायची कुठं? याला उत्तर नव्हतंच. मग ज्याचा क्लायंट अद्ययावत नव्हता त्याला ‘लॉगइन होत नाही’ एवढंच दिसलं, आणि तेवढंच त्यानं कळवलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरनं नव्या क्लायंटना एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नवी ट्विटं ताबडतोब पोचवणारा प्रवाह बंद झाला. जीटीकेवर लिहिलेल्या कोअरबर्ड या सुरेख क्लायंटचं काम त्यामुळे थांबलं, आणि त्याची कॉबर्ड नावाची शाखा त्या प्रवाहाविना चालत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरनं पूर्वसूचना न देता तिसऱ्या पक्षाचे क्लायंट तोडले, तेव्हा तोही रस्ता संपला.

या सगळ्या प्रसंगांत बग म्हणून जे नोंदवलं गेलं, ते खरं तर कुणीतरी दुसरीकडे घेतलेले निर्णय होते. क्लायंट लिहिणारा ते दुरुस्त करू शकत नव्हता. तरी त्या नोंदी वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. सेवा कधी, कशी, कोणत्या क्रमानं बंद झाली याचा सार्वजनिक दस्तऐवज पुष्कळदा अशा नोंदींतच मिळतो. त्रास होतो तो एकाच गोष्टीचे शंभर रिपोर्ट येतात तेव्हा. ‘मलाही’ एवढंच लिहिलेल्या प्रत्येक ओळीसाठी लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना ईमेल जातो. २०१६ च्या जानेवारीत अनेक मोठ्या प्रकल्पांच्या मेंटेनरांनी, म्हणजे देखभाल करणाऱ्यांनी, गिटहबला खुलं पत्र लिहिलं, त्यात या ‘मलाही’ची आणि अर्धवट रिपोर्टांची तक्रार होती. काही आठवड्यांत रिपोर्टचे साचे आले, आणि मार्चमध्ये अंगठ्याच्या खुणेनं प्रतिसाद देण्याची सोय.

चांगला रिपोर्ट कसा असतो, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. पुटी हा प्रोग्राम लिहिणारे सायमन टॅथम यांचा १९९९ चा निबंध आजही सगळीकडे दाखवला जातो. त्याचा गाभा असा, की तुम्ही नेमकं काय केलंत आणि नेमकं काय दिसलं ते सांगा, निदान करायचं तर करा, पण लक्षणांच्या जागी नको. २००८ मध्ये अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतल्या लोकांची पाहणी झाली. आलेल्या ४६६ उत्तरांतून एक विसंगती स्पष्ट झाली. डेव्हलपरना सर्वांत उपयोगी वाटतात त्या गोष्टी म्हणजे बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, क्रॅशच्या वेळचा स्टॅक ट्रेस आणि चाचणीचं उदाहरण. आणि वापरणाऱ्याला पुरवायला सर्वांत अवघड गोष्टीही त्याच. २०१३ च्या एका अभ्यासात पाच मुक्तस्रोत प्रकल्पांतल्या सात हजारांहून अधिक नोंदी हातानं तपासल्या गेल्या, तेव्हा बग म्हणून नोंदवलेल्यांपैकी ३३.८ टक्के नोंदी चुकीच्या वर्गात होत्या. म्हणजे बग आणि नव्या सोयीची मागणी यांतली रेघ आत काम करणाऱ्यांनाही नेहमी स्पष्ट नसते. बाहेरच्यानं त्यापायी रिपोर्ट करायचं टाळू नये.

स्टॅक ट्रेसची अडचण आता पुष्कळ कमी झाली आहे. केडीईचा प्रोग्राम कोसळला की डॉक्टर कॉन्की नावाची खिडकी उघडते, ट्रेस गोळा करते, तो कितपत उपयोगी आहे ते सांगते. लागणारी डीबग माहिती आता बहुतेक वितरणांत आपोआप उतरवून घेता येते. अवघड उरतात त्या पायऱ्या. समाजमाध्यमाच्या क्लायंटमध्ये ‘पुन्हा घडवणं’ हेच डळमळीत असतं, कारण टाइमलाइन दर मिनिटाला बदलते. ज्या पोस्टमुळे क्रॅश झाला ती लिहिणाऱ्यानं दहा मिनिटांत पुसली, तर पुरावाच गेला. म्हणून क्रॅश दिसताच पहिलं काम त्या पोस्टचा दुवा टिपून ठेवणं. जमलं तर सर्व्हरनं त्या पोस्टसाठी पाठवलेलं कच्चं जेसन, म्हणजे पोस्टची मूळ माहितीही. सार्वजनिक पोस्टचं जेसन मॅस्टोडॉनच्या बहुतेक सर्व्हरवर लॉगइन न करताही ब्राउझरमध्ये उघडता येतं.

यापुढचा प्रश्न: सर्व्हर कोणता? जानेवारी २०१८ मध्ये अॅक्टिव्हिटीपब ही डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाली आणि फेडिव्हर्सला, म्हणजे मॅस्टोडॉनसारख्या एकमेकांशी बोलणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याला, सामायिक पाया मिळाला. पण त्यातला प्रत्यक्ष वापरात असलेला भाग मुख्यतः सर्व्हरा-सर्व्हरांतला आहे. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात चालते ती व्यवहारात मॅस्टोडॉनची एपीआय, आणि गोटूसोशल, अक्कोमा, पिक्सेलफेड हे सर्व्हर तिची आपापली नक्कल करतात. एखादं क्षेत्र मॅस्टोडॉन रिकामं पाठवतं, दुसरा सर्व्हर ते पाठवतच नाही. क्लायंटनं गृहीत धरलं असेल की क्षेत्र असतंच, तर तिथंच तो कोसळतो. ट्यूबा हा ग्नोमचा क्लायंट किंवा केडीईचा टोकोडॉन वापरताना असं काही झालं, तर ‘माझा क्लायंट क्रॅश होतो’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. ‘गोटूसोशलच्या अमुक आवृत्तीवरच्या खात्यातून होतो, मॅस्टोडॉनच्या खात्यातून होत नाही’ या वाक्यानं अर्धं काम होतं. दुसरं खातं काढून तेच करून बघायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांनी मेंटेनरची संध्याकाळ वाचते.

प्रोग्राम कुठून घेतला हेही सांगायला हवं. फ्लॅटपॅक, स्नॅप, वितरणाचं पॅकेज की स्वतः संकलित केलेला कोड? डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पॅकेज वर्षानुवर्षं तेच राहतं. २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकानं डेबियनकडे प्रोग्राम काढून टाकण्याचीच मागणी केली होती, कारण कधीच दुरुस्त झालेल्या बगच्या तक्रारी त्याला जुन्या आवृत्तीच्या वापरकर्त्यांकडून येतच होत्या. समाजमाध्यमाच्या क्लायंटला हे जास्त झोंबतं. स्क्रीनसेव्हर जुना असला तरी चालतो. सर्व्हर पुढे गेला की जुना क्लायंट चालेलच असं नाही.

आता एका अशा गोष्टीबद्दल, जी बग कळवण्याच्या सर्वसाधारण मार्गदर्शनात क्वचितच सापडते. या रिपोर्टांमधला पुरावा बहुधा दुसऱ्याचा असतो. क्लायंटचा लॉग उघडला तर त्यात प्रवेशाचं टोकन असू शकतं. ते ज्याच्या हाती पडेल तो पासवर्डाशिवाय तुमच्या नावानं पोस्ट करू शकतो, तुमचे खाजगी संदेश वाचू शकतो. ते चुकून चिकटवलं गेलं तर नंतर खोडून भागत नाही. गिटहबवर संपादनाचा इतिहास दिसतो, आणि ईमेल तर आधीच गेलेले असतात. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या क्लायंटची परवानगी रद्द करणं हाच उपाय. स्क्रीनशॉटचं तसंच. फक्त अनुयायांसाठी लिहिलेली कुणाची तरी आजारपणाची, नोकरी गेल्याची पोस्ट तुमच्या टाइमलाइनवर असते, आणि ‘बटण वाकडं दिसतं’ हे दाखवायला काढलेल्या चित्रातून ती सगळ्या जगाला दिसते. त्या माणसानं ती तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिली होती. चाचणीचं वेगळं खातं काढावं, त्यात आपणच चार पोस्ट लिहाव्यात, बग तिथं घडवावा आणि त्याचं चित्र द्यावं. दुसऱ्याच्या पोस्टमधून क्लायंटमध्ये कोड चालवता येईल अशी शंका असेल, तर ते सार्वजनिक इश्यूत लिहूच नये. बहुतेक प्रकल्प खाजगी कळवण्याचा पत्ता देतात.

देवनागरीबद्दल मात्र विस्तारानं लिहायला हवं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरनं एका ज्येष्ठ वकिलाचं खातं निलंबित केल्यावर भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले, त्यांत मराठी लिहिणारेही होते. तेव्हापासून या क्लायंटमध्ये मराठी मजकूर फिरतो आहे आणि इंग्रजीत कधीच न दिसणारे दोष त्यात दिसतात.

हॅशटॅग घ्या. लिहिण्याच्या चौकटीत हॅशटॅग रंगवायला किंवा सुचवायला क्लायंट ‘शब्दातली अक्षरं’ ओळखणारा एक नमुना वापरतो. युनिकोडमध्ये म, र, ठ ही अक्षरं ‘अक्षर’ वर्गात आहेत. काना, वेलांटी ही ‘चिन्ह’ वर्गात. नमुन्यात फक्त अक्षरं घेतली, तर #मराठी हा हॅशटॅग ‘मर’ एवढ्यावर तुटतो. पायथन भाषेत हा दोष २००७ मध्येच देवनागरीचं उदाहरण देऊन नोंदवला गेला आहे, आणि तिच्या अंगभूत नमुना-यंत्रणेत काना आजही शब्दाचा भाग धरला जात नाही. मॅस्टोडॉनचा सर्व्हर रुबीत आहे, आणि त्यानं वापरलेल्या नमुन्यात चिन्हंही येतात. म्हणून पोस्ट केल्यावर हॅशटॅग पूर्ण दिसतो, लिहिताना तुटलेला दिसतो. हा फरक रिपोर्टमध्ये आला, तर मेंटेनर सरळ त्या एका ओळीपाशी पोचतो.

मग अक्षरं मोजणं. ‘क्षितिज’ या शब्दात किती अक्षरं? युनिकोडच्या कोडपॉइंटांत मोजली तर ७. यूटीएफ-८ च्या बाइटांत २१. ‘वाचकाला दिसणारी अक्षरं’ मोजण्याच्या युनिकोडच्या जुन्या नियमानं ४, कारण हलन्तापाशी तुकडा पडत असे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीनं जोडाक्षर एकसंध धरायला सुरुवात केली, त्या हिशेबानं ३. ट्विटरनं मर्यादा २८० केली तेव्हा देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट एक धरला, म्हणजे प्रत्येक मात्रेला किंमत मोजावी लागे. मॅस्टोडॉन दिसणारी अक्षरं मोजतं आणि मूळ मर्यादा ५०० ठेवतं, पण सर्व्हरचालक ती बदलू शकतो, आणि कोणताही दुवा २३ अक्षरांचा धरला जातो. क्लायंट एका पद्धतीनं मोजत असेल आणि सर्व्हर दुसऱ्या, तर क्लायंट म्हणतो जागा शिल्लक आहे आणि सर्व्हर पोस्ट नाकारतो. किंवा उलट: लिहायला जागा असते, पण पाठवण्याचं बटण मालवलेलं. दुसरी चूक अधिक वाईट, कारण तिच्यात त्रुटीचा संदेशच येत नाही. लिहिणारा वाक्य तोडतो आणि पुढे जातो.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावरचा प्रकार आणखी बोलका आहे. तिथं पोस्टमधला दुवा कुठून कुठपर्यंत आहे हे क्लायंट बाइटांत सांगतो. ‘नमस्कार’ लिहून एक जागा सोडून दुवा दिला, तर तो २२ व्या स्थानापासून सुरू होतो. कोडपॉइंट मोजणारा क्लायंट ८ सांगेल, आणि आठवं स्थान स या अक्षराच्या तीन बाइटांच्या मधोमध येतं. मग दुवा भलत्याच शब्दावर बसतो किंवा दिसतच नाही. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे दोन्ही मोजण्या जुळतात आणि चूक असलेला कोड वर्षभर बिनबोभाट चालतो. लिहिणाऱ्याची हयगय असतेच असं नाही. त्याच्यासमोर देवनागरी पोस्ट कधी आलेलीच नसते.

अर्ध्या र चा प्रश्न मराठीत विशेष जाणवतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि एकाला जेवण सांगायचं असतं, दुसऱ्याला प्रश्न विचारायचा असतो. पहिला शब्द दोन प्रकारे टंकता येतो: नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. फसवणुकीचे दुवे टाळण्यासाठी एखादा प्रोग्राम अशी अदृश्य चिन्हं सरसकट गाळतो, तेव्हा दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या आचाऱ्याचा आचार्य होतो. दाखवतानाच बदल झाला आहे की पाठवतानाच, हे ब्राउझरमध्ये तीच पोस्ट उघडून लगेच कळतं. ल आणि श यांच्या मराठी वळणाचंही असंच. काही फाँटांत मराठीसाठी वेगळी वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे फाँटला कुणीतरी सांगावं लागतं. पोस्टबरोबर भाषेची खूण येते, ती क्लायंटनं पुढे दिली नाही तर हिंदीची वळणं दिसतात. याला बग म्हणावं की सोयीची मागणी, यावर वाद होऊ शकतो. मी तरी बगच म्हणेन.

जोडाक्षर फुटलं किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर दोष क्लायंटचा असण्याची शक्यता कमी. अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ करतं, आकार फाँटमधून येतात. तोच मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवून पाहावा. तिथंही फुटला तर क्लायंटच्या मेंटेनरला त्रास न देता फाँटकडे जावं. ही वाट महाराष्ट्रात मळलेली आहे. लोहित फाँटांची देखभाल पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी वर्षानुवर्षं केली, आणि आज देवनागरी जशी दिसते तिच्यामागे अशा चिकाटीच्या, कंटाळवाण्या रिपोर्टांचा मोठा वाटा आहे.

तरीही मराठी वापरणाऱ्यांकडून रिपोर्ट जात नाहीत. एक कारण इंग्रजीचा संकोच. दुसरं मला जास्त खरं वाटतं. अडलं की आपण रोमन लिपीत लिहून मोकळे होतो, आणि आपल्याला ती अडचण वाटेनाशीच होते. तिसरंही आहे: एकदा कळवलं, उत्तर आलं नाही, वर्षानं एखाद्या बॉटनं ‘हालचाल नाही’ म्हणून इश्यू बंद केला. लाँचपॅडवर ‘अपूर्ण’ ठरलेली नोंद ६० दिवसांत आपोआप कालबाह्य होऊ शकते. २००३ मध्ये ग्नोमवर जाहीर टीका झाली होती, की जुना कोड फेकून नव्यानं लिहितात आणि त्याबरोबर न वाचताच सगळे जुने बग बंद करतात. ती टीका आजही लागू आहे. फुकट वेळ देणाऱ्या मेंटेनरवर मी राग धरणार नाही, पण देवनागरीचा बग शांत पडून राहतो तो दुरुस्त झाला म्हणून नव्हे, तर तो दुसऱ्या कुणाला दिसत नाही म्हणून. बॉटला हा फरक कळत नाही. इश्यू बंद झाला, तर नव्या आवृत्तीवर पुन्हा तपासून एका ओळीत उत्तर द्यावं आणि उघडायला सांगावं. पुष्कळ ठिकाणी तेवढं पुरतं.

देवनागरीचा रिपोर्ट करताना इंग्रजी मोजकं चालतं: काय टंकलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, कोणता सर्व्हर, कोणती आवृत्ती. त्यासोबत चाचणीचा मजकूर द्यावा. एक मात्रा असलेला हॅशटॅग, एक जोडाक्षर, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला ऱ्य, आणि मराठी शब्दानंतर आलेला एक दुवा. एवढ्यात वरचे बहुतेक दोष पकडले जातात. हा मजकूर चित्रात देऊ नये. अक्षरं म्हणूनच चिकटवावा आणि कोडच्या चौकटीत टाकावा, म्हणजे अदृश्य चिन्हंही जशीच्या तशी राहतील. समोरच्याकडे मराठी कळफलक नसतो. त्याला तो मजकूर उचलून थेट आपल्या चाचणीच्या फाइलमध्ये ठेवता आला, तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीआधी ती चाचणी आपोआप चालते.